दुपारचे तेवीस ठोके

सरकारची लढाई होती जर्मनीशी आणि जपानशी. त्यात नगरच्या कलेक्टर कचेरीतले आवक-जावक कारकून रंगनाथराव यांचा संसार मधे यायचं खरं म्हणजे काहीच कारण नव्हतं. पण बेचाळीस साली सरकारनं हुकूम काढला, की लढाई संपेपर्यंत देशातल्या तमाम घड्याळांनी एक तास पुढे चालावं. झालं! तोफा राहिल्या सातासमुद्रापलीकडे, आणि चकमक उडाली ती माळीवाड्यात, रंगनाथरावांच्या घरात.

हुकूम आला त्याच दिवशी रंगनाथरावांनी स्टुलावर चढून बाहेरच्या खोलीतलं घड्याळ एक तास पुढे केलं. खाली स्टूल धरून त्यांच्या पत्नी मुक्ताबाई उभ्या होत्या. मुक्ताबाई पुणतांब्याच्या, गोदाकाठच्या शेतकऱ्याची लेक. वीस वर्षं शहरात राहूनही त्यांनी आपली बोली आणि आपलं मत, दोन्ही सोडलेलं नव्हतं. त्यांनी मान वर करून विचारलं,

"आवं, सूर्याला कळीवलं का ह्ये?"

"सूर्याचा इथं काय संबंध?"

"मंग? त्यो उगवायचा त्याच्या टायमाला. कोंबडं आरवायचं त्याच्या टायमाला. निस्तं तुमचं घड्याळच पळनार म्होरं. पळू द्या. दमलं म्हंजी ईल माघारी."

आता कचेरी भरायची अकराला, आणि तीही नव्या वेळेच्या. म्हणजे सूर्याच्या दहाला. रंगनाथराव पाटावर येऊन बसायचे तेव्हा भात नुकताच चुलीवर चढलेला असायचा. "उशीर झाला," असं ते म्हणायचे. "कुठला उशीर? ऊन अजून उंबऱ्यावर आलं न्हाई," असं मुक्ताबाई म्हणायच्या. खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होती, आणि संसारात याहून वाईट गोष्ट नाही. एकजण चुकीचा असला तर तो कधी ना कधी दमतो. इथं कोणी दमायलाच तयार नव्हतं.

एकदा कचेरीत पोचायला पंधरा मिनिटं उशीर झाला आणि साहेबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. त्या नजरेनं रंगनाथरावांच्या काळजाला घरं पडली. तेव्हा त्यांनी तोडगा काढला. शेजारीच बाबाजान घड्याळजी राहायचे. त्यांच्याकडून एक जुनं, आठ दिवसांच्या किल्लीचं, ठोक्याचं घड्याळ आणलं आणि स्वयंपाकघरात टांगलं. त्यावर जुनी वेळ. तुझी वेळ तुझ्या खोलीत, माझी माझ्या खोलीत! असा तह युरोपातल्या कोणा मुत्सद्द्याला सुचला नसेल, असं त्यांना वाटलं.

तहाचा परिणाम एवढाच झाला, की दुपारी बाहेरचं घड्याळ बारा ठोके द्यायचं, आणि ते थांबतं न थांबतं तोच आतलं अकरा द्यायचं. एकूण तेवीस. समोरच्या गोजरबाई दारात येऊन विचारायच्या, "भाऊसाहेब, तुमच्या घरात तेवीस वाजले जणू! दिस लई मोठा झाला का वो?" रंगनाथराव खिडकी लावून घ्यायचे.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण चव्वेचाळीसच्या वैशाखात मुक्ताबाईंच्या भावाच्या, म्हणजे कारभारींच्या मुलीचं लग्न निघालं. मुक्ताबाईंना मूलबाळ नव्हतं. ही भाची लहानपणी चार वर्षं नगरला आत्याजवळच राहिलेली. तिच्या वेण्या घातलेल्या, गोवरात तिला मांडीवर घेऊन बसलेल्या. लग्नाचं नाव निघालं तशा मुक्ताबाई महिनाभर जमिनीला पाय न लावता चालत होत्या. कारभारींचं पत्र आलं: सकाळची सहा-वीसची गाडी धरा, म्हणजे अक्षता सापडतील.

"सहा-वीस म्हणजे नवी वेळ," रंगनाथराव म्हणाले. "रेल्वे सरकारी आहे."

"गाडी आसंल सरकारची. कागुद माझ्या भावाचा हाय. त्याच्या घरात घड्याळ न्हाई, त्याला नवा टाइम कोन सांगनार? जुनाच लिवलाय त्यानं."

कोणी म्हणेल, स्टेशन काही काशीला नव्हतं. आदल्या दिवशी जाऊन विचारायचं. पण विचारायला जाणं म्हणजे आपल्याला शंका आहे असं कबूल करणं, आणि कबूल कोणी करायचं? लग्नाला निघायच्या सकाळी रंगनाथराव साडेपाचपासून छत्री घेऊन उंबऱ्यात उभे राहिले आणि दर पाच मिनिटांनी मोठ्यानं वेळ सांगू लागले. ते जितकं सांगत तितक्या मुक्ताबाई सावकाश लुगड्याच्या निऱ्या काढत. टांगा स्टेशनला पोचला तेव्हा फलाटावर एक हमाल आणि एक कुत्रं, एवढंच शिल्लक होतं.

"गाडी?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"ती व्हय? मघाच गेली. आतापातूर विळद सोडलं आसंल."

तेव्हा रंगनाथराव म्हणाले, "बघ! मी काय म्हणत होतो?" हे एकदा हमालाकडे बघून म्हणाले, एकदा टांगेवाल्याकडे बघून म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायला माणूस उरला नाही, म्हणून कुत्र्याकडे बघून म्हणाले.

मुक्ताबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आनंद झाला व्हय तुमाला?"

आणि झाला होता! हीच तर पंचाईत होती. गाडी चुकल्याचं दुःख कुठंतरी खाली होतं, पण वर तोंडभर आनंद पसरला होता, आणि तो पुसायला रंगनाथरावांना वेळ मिळाला नव्हता. मुक्ताबाई ट्रंकेवर पाठ फिरवून बसल्या. "तुमी जा घरी. दुपारच्या गाडीनं म्या जाते," एवढंच म्हणाल्या. रंगनाथराव गेले. जायला नको होतं हे त्यांना स्टेशनच्या फाटकापाशीच कळलं. पण चूक नसलेल्या माणसानं मागं कसं वळायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

मुक्ताबाई पुणतांब्याला उतरल्या तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भाचीची बैलगाडी वेशीबाहेर पडताना लांबून दिसली, तेवढीच. मग त्या तिथंच राहिल्या. आठ दिवस झाले, पंधरा झाले.

रंगनाथराव कचेरीत वेळेवर जाऊ लागले. भात रोज दहाला तयार असे, कारण तो तेच शिजवत. कधी तो खाली लागे, कधी वर कच्चा राही. पण वेळ अगदी काटेकोर! त्यांच्याशी आता घरात कोणी वाद घालत नव्हतं. ते आपणहून म्हणत, "आज ऊन फार आहे." कोणी म्हणत नसे, "काल जास्त हुतं." त्यांचं प्रत्येक बोलणं खरं ठरत होतं आणि ते ऐकायला भिंती होत्या. परड्याच्या दारामागं मुक्ताबाईंचं जुनं लुगडं दोरीवर राहून गेलं होतं. ते काढून घडी घालावी असं त्यांना रोज वाटे, आणि काढलं तर दोरी रिकामी दिसेल म्हणून ते काढत नसत.

गोजरबाईंनी ओट्यावर गाठून सल्ला दिलाच. "बाईमानसाला आसं चारचौघांत बोलत्यात व्हय? गाडीत बसा, जा, आन म्हना चुकलं."

"पण चुकलं नाही ना!"

"मंग बसा पिठलं खात," असं म्हणून गोजरबाई आत गेल्या.

आता कारकुनाचा एक स्वभाव असतो. त्याला वाटतं, की माणूस ऐकत नाही तो कागद नाही म्हणून. कागद दाखवला की ऐकेल. रंगनाथरावांच्या मनानं घेतलं, की आपली बाजू लेखी पुराव्यानिशी मांडली की मुक्ताबाई पुढच्याच गाडीनं परत येतील. बावीस वर्षं जिच्याबरोबर काढली त्या बाईबद्दल असा समज करून घ्यायला कचेरीतच केस पिकावे लागतात. त्यांनी एक फाईल उघडली.

पहिला कागद हवा होता रेल्वेचा. 'अमुक तारखेची सकाळची गाडी नव्या वेळेनं सहा वाजून वीस मिनिटांनी सुटली, याचा दाखला मिळणेबाबत' असा अर्ज घेऊन ते स्टेशनमास्तरांपुढे उभे राहिले. मास्तर सज्जन होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"असा दाखला आम्ही देत नाही हो. माल गहाळ झाला असेल तर त्याचा फॉर्म आहे. काही गहाळ झालंय का तुमचं?"

रंगनाथराव थांबले. "तसं म्हटलं तर... झालंय."

"मग हा भरा."

त्यांनी फॉर्म घेतला, बाकावर बसले आणि भरू लागले. नग किती: एक. कोठून: नगर. कोठवर: पुणतांबा. मालाचे वर्णन. इथं लेखणी थांबली. सावळा रंग, कपाळावर गोंदण, बोलताना डाव्या हातानं पदर खोचायची सवय... हे सगळं रकान्यात मावणारं नव्हतं. त्यांनी हळूच डोळे टिपले आणि फॉर्म घडी करून खिशात घातला. मास्तरांनी काय ओळखलं कोण जाणे. त्यांनी आपणहून साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही करून दिली.

तो कागद, गाड्यांच्या वेळापत्रकाची नक्कल आणि सरकारी हुकमाची नक्कल, असे तीन जोडून रंगनाथरावांनी बायकोला पत्र धाडलं. त्यावर सवयीनं जावक क्रमांक पडला. 'सोबत: कागद तीन' हेही पडलं. मजकुरात 'घर फार मोठं वाटतं' असं एक वाक्य त्यांनी लिहिलं होतं. पण ते विषयाला धरून नव्हतं, म्हणून खोडलं.

आठ दिवसांनी कारभारींचं कार्ड आलं. 'पत्र व सोबतचे कागद पावले. मुक्ता म्हणते, बरं. वेळेवर जेवत जावे म्हणून सांगते.'

त्या 'बरं'वर रंगनाथरावांनी फार विचार केला. मुक्ताबाईंनी आजवर त्यांना 'बरं' असं नुसतं कधी म्हटलंच नव्हतं. 'बरं, पन' असं म्हणायच्या. तो 'पन' कुठं गेला?

त्याच रविवारी दुपारी ते चटईवर पडले होते. बाहेरच्या घड्याळाचे बारा ठोके पडले. ते पुढच्यांची वाट बघू लागले. काही पडेना. स्वयंपाकघरातलं घड्याळ किल्ली न मिळाल्यानं केव्हाच बंद पडलं होतं. कचेरीच्या गडबडीत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या अकरा ठोक्यांचा त्यांना दोन वर्षं राग आला होता. आता ते नाहीत म्हटल्यावर त्यांना पडून राहवेना. ते उठले, स्टूल घेतलं, आतल्या घड्याळाला किल्ली दिली, आणि काटे फिरवून बाहेरच्या घड्याळाच्या बरोबर एक तास मागं नेऊन ठेवले. सरकारी नोकरानं, भर लढाईत, स्वहस्ते! मग काटा थोडा आणखी मागं घेऊन त्यांनी तो अकरावर येऊ दिला. ठोके पडले. ते तिथंच, स्टुलावर उभं राहून ऐकत राहिले.

तोच मागच्या दारानं हाक आली, "वहिनी, आलात? घड्याळ ऐकलं आणि धावत आले बघा!" बाबाजानांच्या पत्नी हाजराबी हातात कैरीच्या लोणच्याची वाटी घेऊन आत आल्या. समोर रंगनाथराव स्टुलावर, हातात किल्ली, डोळे ओले.

"तपासत होतो," रंगनाथराव म्हणाले. "नीट चालतंय का म्हणून."

हाजराबींनी वाटी खाली ठेवली, पदर डोळ्यांना लावला आणि आल्या वाटेनं गेल्या. पाच मिनिटांत बाबाजान हजर झाले.

"भाऊसाहेब, एक सांगू? तीस वर्षं झाली निकाह होऊन. हाजराला मी एकदासुद्धा 'तू चुकलीस' म्हटलं नाही. दर वेळी मीच सोडून देतो. तिला पत्ताही लागत नाही. म्हणून घर शांत आहे."

रंगनाथरावांना हे पटलं. संध्याकाळी हाजराबी वाटी न्यायला आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "भाऊ, मी लहान तोंडी मोठा घास घेते. पण तीस वर्षं दर वेळी मीच सोडून देत आले. त्यांना कळतसुद्धा नाही. कळू द्यायचं नसतं."

रंगनाथराव कारकून होते. दोन जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत हे त्यांनी जागच्या जागी ओळखलं. यातली एक खोटी असली पाहिजे, हेही त्यांना दिसलं. कोणती, ते शोधून काढायची त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच इच्छा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि तिसऱ्या दिवशी सहा-वीसची गाडी धरली. फाईल मात्र काखेत होतीच. सवय अशी एका दिवसात सुटत नाही. गाडीत त्यांनी भाषणाची तयारी केली. आधी मुद्दा एक, मग मुद्दा दोन. राहुरी गेली, बेलापूर गेलं, आणि मुद्द्यांच्या जागी त्यांना नुसतं मुक्ताबाईंचं तोंड दिसू लागलं. ती बोलेल ना आपल्याशी? नीट भांडेल ना? भांडली म्हणजे मिळवली, असं त्यांना वाटत होतं.

कारभारींच्या ओट्यावर मुक्ताबाई चिंचा फोडत बसल्या होत्या. हडकल्या होत्या. नवऱ्याला बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला, आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "कवा निघाला? जेवला का?"

"निघालो सकाळी," रंगनाथराव म्हणाले आणि फाईल पुढे करावी की नाही या विचारात उभे राहिले.

मुक्ताबाईंनी फाईलकडे पाहिलं. मग मान खाली घालून, चिंचेतला चिंचोका काढता काढता म्हणाल्या, "गाडी नव्या टायमाचीच हुती. तुमचंच खरं हुतं. माझ्यापायी अक्षता चुकल्या."

बावीस वर्षं! बावीस वर्षं रंगनाथरावांनी या एका वाक्याची वाट पाहिली होती. 'तुमचंच खरं.' मिळालं तर लेखी घेऊन ठेवावं असंही कधी मनात आलं होतं. आज ते न मागता मिळालं, आणि ते रंगनाथरावांना नकोसं झालं. त्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. ही बाई आता घरी येईल. सांगितलेल्या वेळी ताट वाढेल. म्हणू त्याला 'बरं' म्हणेल. आणि पुन्हा कधी आपल्याशी भांडणार नाही.

ओट्याची कड नुकतीच सारवलेली, ओली होती. त्यांनी फाईल खाली टाकली आणि तिच्यावर बसले. चार मुद्दे घोकून आलेल्या माणसाच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"परवा कचेरीत विषय निघाला होता. लग्नातल्या जेवणांचा. मी म्हटलं, आमच्या लग्नात लापशी होती."

चिंचेवरचा हात थांबला. "काय हुती?"

"लापशी. गव्हाची."

"लापशी?" मुक्ताबाईंनी मान वर केली. "माझ्या बानं लापशी वाढली म्हनून सांगितलं तुमी कचेरीत?"

"होती ती सांगितली. जरा पातळच होती."

"पातळ!" मुक्ताबाई उठूनच उभ्या राहिल्या. डावा हात आपसूक पदर खोचायला गेला. "आवं, कोपरगावचा आचारी आनला हुता माझ्या बानं! तीन दिस कढई उतरली न्हवती चुलीवरनं! जिलबी हुती, जिलबी! समद्या गावानं खाल्ली, वऱ्हाडानं बांधून नेली, आन तुमी म्हनता लापशी?"

"मला तरी लापशीच आठवते बुवा."

"वैनी! ओ वैनी! भायेर या आदी! ह्ये बगा काय बोलत्यात!"

कारभारींच्या पत्नी बनुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "आवं दाजी, जिलबी म्या सोता वाढली की! कंबर मोडली माझी!"

"तुम्ही वाढलीत ती दुसऱ्या कोणाच्या लग्नात असेल," रंगनाथराव म्हणाले. हरण्यासाठी भांडायचं म्हणजे किती अवघड काम, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मुद्दे पांगळे काढावे लागतात, आणि तेही हसू येऊ न देता. त्यांनी आणखी दोन पांगळे मुद्दे काढले. मुक्ताबाईंनी दोन्ही जागीच आडवे केले. त्यांच्या गालावर रंग चढला होता, डोळे लखलखत होते, आवाज तिसऱ्या घरापर्यंत जात होता. रंगनाथराव डोळे भरून बघत होते.

शेवटी ते म्हणाले, "असेल. जिलबीच असेल. मी चुकलो."

"आसंल न्हाई, हुतीच!" मुक्ताबाई म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या.

बनुबाई हसत आत गेल्या. मुक्ताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. बाई खुळी नव्हती. ज्या माणसाला बावीस वर्षांपूर्वीच्या पावसाची तारीख तोंडपाठ आहे, तो स्वतःच्या लग्नातली जिलबी विसरेल? त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, ते त्यांनाच ठाऊक.

"तुमाला एकलं ठिवून चालायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "समदं इसरायला लागला तुमी. सकाळी जाऊ घरला. म्या गठुडं बांधते."

"बरं," रंगनाथराव म्हणाले.

मुक्ताबाई आत गेल्या. आतून त्यांचा आवाज येत राहिला; लापशीवाल्या जावयाची कथा आता शेजारणीलाही सांगणं चाललं होतं. रंगनाथराव ओट्यावर ऐकत बसले.

जिलबीच होती. त्यांनी सतरा खाल्ल्या होत्या. सतरावी त्यांच्या वाट्याची नव्हतीच. शेजारी बसलेल्या, सबंध लग्नात एकदाही मान वर न केलेल्या नवरीनं ती आपल्या पानातून एका बोटानं हळूच त्यांच्या पानात सरकवली होती. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही.